फलाटावरची मुले : हा प्रश्न युनियनचाच आहे

आमच्या रायपूरच्या शाखेकडे सभासदांच्या ज्या तक्रारी येतात त्या बहुतेक ठरलेल्या. क्वार्टर गळते, रजा मिळत नाही, रात्रपाळीचा भत्ता अडकला, बदलीचा अर्ज धूळ खात पडला. गेली काही वर्षे त्यांत आणखी एक तक्रार वरचेवर येते : ‘स्टेशनावरच्या नशेबाज पोट्ट्यांचा काही तरी बंदोबस्त करा.’ तक्रार करणारे परके कुणी नाहीत. रात्री यार्डात गाडी तपासणारे, पार्सलमध्ये राबणारे, पॉइंट्समन, सगळे आपलेच भाऊ. कुणाचा जेवणाचा डबा जातो, कुणाचा मोबाइल जातो, एखादे पोर नशेत दगड उगारते. त्यांचा त्रास खरा आहे. पण बंदोबस्त म्हणजे नेमके काय करायचे, हे एकदा मोकळेपणी बोलावे असे आम्हाला वाटते.

बंदोबस्त म्हणून जे होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मोठा साहेब पाहणीला यायचा असला, किंवा स्वच्छतेचा पंधरवडा लागला, की दोन दिवस आधी काठी फिरते. पोरे फलाटावरून यार्डात पळतात, यार्डातून पुलाखाली, नाही तर जी गाडी उभी असेल तिच्यात. साहेब जातात, पोरे परत येतात. कधी चार पोरांना गाडीत बसवून दिले जाते आणि ती पुढच्या जंक्शनवरच्या आपल्याच बंधूंच्या गळ्यात पडतात. तिथलेही लोक हेच करतात. हावडा–मुंबई लाइन इतकी लांब आहे की हा खेळ वर्षानुवर्षे चालू शकतो, आणि चालला आहे.

ही पोरे आहेत तरी कोण? बाहेरून पाहणाऱ्याला सगळी सारखीच दिसतात : मळके कपडे, खांद्यावर पोते, नाकाशी चिंधी. पण जो रोज तिथे ड्यूटी करतो त्याला फरक कळतो. काही पोरे कालपरवाच घरून पळून आलेली असतात. बापाची दारू, सावत्रपण, शाळेतला मार, कधी नुसती मुंबई पाहण्याची हौस. अशा पोराच्या पायात अजून चप्पल असते आणि घराचे नाव काढले की डोळ्यांत पाणी येते. दुसरी जी आहेत त्यांना घर आहे, पण ते रुळांच्या कडेच्या झोपडीत किंवा पुलाखाली. आई पन्नी वेचते, पोरही वेचते, रात्री एकत्र झोपतात. छत्तीसगडच्या खेड्यांतून धानाची कापणी झाली की माणसे वीटभट्ट्यांवर परमुलखात जातात. त्या जाण्यायेण्यात मोडलेल्या संसारांची पोरेही यांत मिसळतात. तिसरी ती, जी पाच-सात वर्षे लाइनवरच वाढली. त्यांना गीतांजली कधी येते, आझाद हिंद किती लेट आहे, हे चौकशीच्या खिडकीपेक्षा लवकर कळते. नशा मुख्यतः या तिसऱ्यांत आहे, आणि पहिल्यांना ती शिकवणारेही हेच. नव्या पोराला पहिल्या रात्री भीती वाटते, थंडी वाजते, भूक लागते. जुना पोरगा चिंधी पुढे करतो. तेवढी एक रात्र जर कुणी मोठ्या माणसाने हात धरला असता, तर पुढचे सगळे टळले असते.

आता त्या चिंधीविषयी. आम्ही काही डॉक्टर नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. पण जे समजून घेतले ते सांगतो. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढायला जे सोल्युशन लागते, पोरे त्याला ‘सुलेशन’ म्हणतात, तेच नशेचे साधन. त्याची ट्यूब पोटभर जेवणापेक्षा स्वस्त पडते. त्यात टोल्युइन व त्या जातीची हवेत उडून जाणारी रसायने असतात. ती फुप्फुसातून रक्तात आणि काही क्षणांत मेंदूत जातात. भूक मरते, थंडी कळत नाही, अंगावरचा मार दुखत नाही. पण हा अंमल थोडाच वेळ टिकतो, म्हणून दिवसभर परत परत हुंगावे लागते. पुढे हातापायांच्या नसा निकामी होतात, चाल लटपटते, आठवण जाते, मूत्रपिंड बिघडते. अफूच्या व्यसनाला जशी बदली औषधे आहेत, तसे यावर बदली औषध नाही. जेवण, झोप, माणसांची सोबत आणि बराच काळ, हाच उपचार.

डॉक्टर आणखी एक गोष्ट सांगतात, ती प्रत्येक रेल्वे कामगाराने लक्षात ठेवावी. या रसायनांनी हृदय इतके हळवे होते की हुंगलेल्या माणसाला एकदम घाबरवले, पळवले, तर ठोके बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. हे पहिल्याच वेळी हुंगणाऱ्यालाही होऊ शकते. म्हणजे आपण ज्याला बंदोबस्त म्हणतो, ती काठी घेऊन मागे धावण्याची क्रिया, तीच सगळ्यांत धोक्याची. शिवाय पळणारे पोर पळते कुठे? रुळांवर. नाही तर मालडब्यावर चढते, आणि वर पंचवीस हजार व्होल्टची तार असते. अशा वेळी ब्रेक लावूनही गाडी न थांबलेल्या लोको पायलटला पुढे कित्येक रात्री झोप लागत नाही. आणि रुळावरून ते शरीर गोळा करण्याचे काम येते आपल्या ट्रॅकवरच्या माणसावर, ज्याला आपण अजूनही गँगमनच म्हणतो. त्या कामाचा भत्ता कोणत्याही वेतन आयोगाने दिलेला नाही. हा प्रश्न युनियनचा नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी त्या गँगमनशी बोलावे.

याच टोल्युइनविषयी कारखान्यात काय नियम आहे पाहा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागेच्या हवेत ते किती असावे याची मर्यादा घालून दिली होती. रंगकाम करणाऱ्या कामगाराला वायुवीजन मिळावे, तोंडावर मास्क मिळावा, यासाठी कामगार चळवळीने झगडून हक्क घेतले. जे रसायन चाळीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या कामगाराला मापून द्यावे लागते, तेच दहा वर्षांचे पोर पन्नीत तोंड घालून ओढते, आणि तिथे कोणताही इन्स्पेक्टर नाही.

हा रायपूरपुरता प्रकार समजू नये. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २०१३ साली देशभरातल्या नशा करणाऱ्या ४,०२४ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत तंबाखू घेणारी ८३.२ टक्के, दारू घेणारी ६७.७ टक्के, गांजा-भांग घेणारी ३५.४ टक्के आणि हुंगण्याची नशा करणारी ३४.७ टक्के होती. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सरकारला देशव्यापी पाहणी करण्याचा आदेश दिला. दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. सगळ्या नशांमध्ये हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली, की जिचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त : मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. तिच्यापायी मदतीची गरज असलेली मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार. जास्त संख्येच्या राज्यांत उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशाबरोबर आपला महाराष्ट्रही आहे. आणि ही पाहणी मुख्यतः घरोघर जाऊन केलेली. ज्याला घरच नाही त्याच्यापर्यंत घरोघर जाणारा माणूस कसा पोचणार?

कायदा काय म्हणतो? २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे रस्त्यावर राहणारे, भीक मागणारे, नशेच्या जाळ्यात ओढले जाण्याचा संभव असलेले मूल हे गुन्हेगार नाही. ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आहे. हरवलेले किंवा टाकून दिलेले पोर जो कुणी ताब्यात घेईल त्याने चोवीस तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवलेच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण इथेच गोम आहे. पंक्चरचे सोल्युशन १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत नाही. ते दारूही नाही, तंबाखूही नाही. पोराला बिडी विकणारा अडकतो, सुलेशन विकणारा सुटतो. बाटलीतल्या व्हाइटनरच्या किरकोळ विक्रीवर केंद्र सरकारने २०१२ साली बंदी आणली, ती योग्यच होती. ऑफिसातल्या व्हाइटनरला पेनचा पर्याय होता. सायकलवाल्याच्या सोल्युशनला मात्र कुणी हात लावला नाही.

त्यावर सरसकट बंदी घाला असे आम्ही म्हणत नाही. सायकल हे गरिबाचे वाहन आहे आणि पंक्चरवालाही पोटासाठीच बसला आहे. पण बनवणाऱ्या कंपन्यांना प्रश्न विचारता येतो. मध्य अमेरिकेत होंडुरास, ग्वाटेमाला या देशांत ‘रेसिस्टोल’ नावाच्या गोंदावरून रस्त्यावरच्या पोरांना ‘रेसिस्टोलेरोस’ असे नावच पडले होते. तो गोंद बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीवर १९९० नंतरच्या काळात लोकांचा इतका दबाव आला, की तिला किरकोळ विक्रीतून हात आखडता घ्यावा लागला. आपल्याकडे असा दबाव कुणी आणायचा? हुंगणारे पोर मोर्चा काढू शकत नाही.

आता जरा घरातले बोलू. सुलेशनची पोरे डोळ्यांत खुपतात, पण छत्तीसगडात सकाळी उठून गुडाखू घासणारी पोरे किती आहेत? गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा लगदा, दात घासायच्या नावाखाली चालणारी नशा. आई घासते म्हणून लेक घासते. रेल्वे कॉलन्याही यातून सुटलेल्या नाहीत. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे सांगायला नको. आणि दारूचे दुकान तर एप्रिल २०१७ पासून राज्य सरकार स्वतःच चालवते. ज्याच्या हातात बाटली, त्याच्याच हातात नशामुक्तीचा फलक, असा हा कारभार आहे.

यातली मजुरीची बाजू युनियनने पाहायची नाही तर कुणी पाहायची? ही पोरे रिकामी नसतात. बाटल्या गोळा करतात, डबे झाडतात, पाणी विकतात, भंगार उचलतात. कबाडी त्यांचा माल घेतो आणि पैशांऐवजी ट्यूब हातावर ठेवतो, हे आम्ही ऐकलेले नव्हे, पाहिलेले आहे. एका मोठ्या जंक्शनवर ठेक्याच्या सफाईत कागदावर मोठी माणसे आणि प्रत्यक्ष रात्री झाडू मारणारी पोरे, असाही प्रकार आमच्यासमोर आला. नाव घेत नाही, कारण अशी जागा एकच आहे असा समज व्हायला नको. वास्तविक रेल्वेतून बालमजुरी हद्दपार करण्याचा कायदा देशात फार पूर्वीच झाला. १९३८ च्या कायद्याने रेल्वेने माणसे, माल वा टपाल नेण्याच्या कामात पंधरा वर्षांखालील मूल लावायला मनाई केली. १९८६ च्या कायद्याच्या यादीत तर स्टेशनावर एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर फिरून विक्री करणे, राखेतून कोळसे वेचणे, रुळांलगतची कामे, अशी एक एक बाब लिहिली होती. इतके असूनही पोर कामाला असते, कारण कायम सफाईवाल्याची जागा गेली आणि तिथे ठेका आला. कायम कामगाराच्या हातात झाडू होता तोवर तो आपल्या जागी पोराला उभे करत नव्हता. ठेकेदारी आणि सुलेशन यांचा संबंध हा असा आहे.

रेल्वेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ साली रेल्वे मंत्रालयाने रेल्वेच्या संपर्कात येणाऱ्या मुलांसाठी कार्यपद्धती ठरवून दिली, पुढे ती सुधारली. रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत २०१८ पासून मे २०२४ पर्यंत ८४,११९ मुले गाड्यांतून आणि स्टेशनांवरून सोडवली गेली. ही कामगिरी लहान नाही. जे जवान आणि टी.टी. हे काम मनापासून करतात त्यांना आमचा सलाम. पण नव्याने पळालेले पोर घरी पोचवणे सोपे. सहा वर्षे हुंगणारे पोर कुठे पोचवायचे? त्याला बालगृहात नेले तर चार दिवसांत अंगाला कंप सुटतो, डोके फिरते, ते भिंत चढून परत फलाटावर येते. मग लोक म्हणतात, ‘याला सुधारायचेच नाही.’ तापाच्या रोग्याला औषध न देता खोलीत कोंडले आणि तो पळाला, तर दोष रोग्याचा काय?

कामगार संघटनेने नशेत लक्ष घालणे ही नवी गोष्ट नव्हे, आणि त्याचे उदाहरण शोधायला आपल्याला छत्तीसगडच्या बाहेर जावे लागत नाही. दल्ली-राजहराच्या लोखंडाच्या खाणींत शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ मध्ये खाण कामगारांची संघटना उभी केली. त्यांचा झेंडा आणि आमचा झेंडा एक नव्हता, मतभेदही होते. पण मजुरी वाढली आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली, तेव्हा त्या युनियनने दारूविरुद्ध मोहीम उघडली आणि ती कामगारांनी, त्यांच्या बायकांनी चालवली. १९८३ साली कामगारांच्या पैशाने आणि श्रमाने तिथे शहीद हॉस्पिटल उभे राहिले. १९९१ च्या सप्टेंबरात नियोगींचा भिलाईत खून झाला. हॉस्पिटल उभे राहिले. खाण कामगार जे करू शकले ते रेल्वे कामगाराला जमणार नाही असे आम्हाला वाटत नाही.

दुसरे उदाहरण रेल्वेच्या फलाटावरचेच. भुवनेश्वर स्टेशनवर इंदरजीत खुराना या शिक्षिकेने १९८५ साली फलाटावरच्या मुलांसाठी फलाटावरच शाळा सुरू केली. तेव्हा भुवनेश्वर आणि रायपूर दोन्ही एकाच दक्षिण पूर्व रेल्वेत होते. मुलाला शाळेत आणता येत नसेल तर शाळा मुलाकडे न्यावी, एवढा साधा हिशेब. खडूने जमिनीवर अक्षरे, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात धडा, आणि आधी पोटात काही तरी. त्यासाठी इमारत लागली नाही. स्टेशनवरच्या माणसांनी हाकलून न देणे एवढे मात्र लागले.

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर मुलांसाठी एक खोली हवी, जी रात्रीही उघडी राहील, कारण पोर रात्रीच बिघडते. तिथे गरम जेवण, अंघोळीला पाणी, जखम धुणारा माणूस आणि आठवड्यातून ठरल्या दिवशी डॉक्टर. पोराने यावे, जावे, परत यावे. पहिल्याच दिवशी कुलूप नको. रायपुरात एम्स आहे, मेडिकल कॉलेजचे मोठे हॉस्पिटल आहे. लहान मुलांच्या व्यसनासाठी वेगळ्या खाटा तिथे मागता येतात. सफाई आणि खानपानाच्या ठेक्यात मूल सापडले तर ठेका रद्द, ही अट निविदेतच असली पाहिजे. त्यावर लक्ष ठेवणाऱ्या समितीत युनियनचा प्रतिनिधी हवा, नाही तर अट कागदावरच राहील. या मागण्या आम्ही पी.एन.एम.च्या बैठकीत विषय म्हणून मांडणार आहोत. तो विषय यादीत बसत नाही असे उत्तर मिळेल हेही आम्ही धरून चाललो आहोत. रात्रपाळीच्या कामगाराची सुरक्षा हा विषय यादीत बसतो ना? मग त्याच नावाखाली मांडू.

काही जुने सभासद म्हणतात, ‘पेन्शनचा लढा पुढ्यात असताना हे समाजसेवेचे काम कशाला?’ पेन्शनचा लढा सोडा असे कोण म्हणतो? पण १९७४ चा संप आठवा. मे महिन्याच्या उन्हात संपकऱ्यांची कुटुंबे क्वार्टरमधून बाहेर काढली गेली. आमच्यापैकी काही जण तेव्हा आईच्या कडेवर होते. भांडीकुंडी रस्त्यावर आणि बाप तुरुंगात, अशा त्या दिवसांत रेल्वे कामगाराच्या पोराला शेजारपाजाऱ्यांनी भाकरी दिली. ती दिली नसती तर आमच्यातलेही कुणी फलाटावर वाढले असते.

तोवर सभासदांनी काही गोष्टी आपल्या पातळीवर कराव्यात. एकटे, बावरलेले पोर दिसले तर १०९८ वर कळवावे आणि कुणी येईपर्यंत त्याला नजरेआड होऊ देऊ नये. नशेत असलेल्या पोरामागे धावू नये, ओरडू नये; मोकळ्या हवेत बसवावे, हळू आवाजात बोलावे, बेशुद्ध पडले तर कुशीवर वळवून डॉक्टर बोलवावा. कॉलनीतल्या दुकानदाराला आणि पंक्चरवाल्याला आपण ओळखतो. पोराला ट्यूब देऊ नको हे त्याला आपल्याकडून सांगितलेले जास्त लागते. आमच्या शाखेने एक वही ठेवली आहे. तीत कोणत्या पाळीत किती मुले दिसली, काय काम करत होती, कोणासाठी करत होती, एवढेच लिहितो; मुलाचे नाव लिहीत नाही. बिलासपूर, दुर्ग, गोंदिया, नागपूर, बडनेरा आणि भुसावळ येथील शाखांनीही अशी वही ठेवावी आणि तीन महिन्यांची नोंद आमच्याकडे पाठवावी. एकाच लाइनवरच्या सहा-सात स्टेशनांच्या वह्या एकत्र झाल्या, तर कोणते पोर कुठून कुठे ढकलले जाते आणि कोणता ठेका कुठल्या पोरांवर चालतो, हे टेबलावर मांडता येईल.